चीनची मोंगलाई आणि खानदेशची मोगलाई



खानदेशांत वाढलेल्या माणसाच्या कानांवर ‘मोगलाई’ हा शब्द फार लहानपणीं पडतो. कोणी बांधावरचें झाड न विचारतां तोडलें, किंवा पैसे घेऊन माल दिला नाहीं, कीं ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ हा प्रश्न ठरलेलाच. आमच्या अमळनेरच्या घरीं माझी आजी हाच शब्द आणखी एका अर्थानें वापरी. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची सोयरीक निघाली कीं ती म्हणे, ‘मुलगी मोगलाईंतली आहे’; म्हणजे निजामाच्या मुलखांतली. निजामाचें राज्य १९४८ सालीं संपलें, आजीच्या बोलण्यांतून तें कधींच संपलें नाहीं. एकाच शब्दांत एक राज्यहि होतें आणि एक अंदाधुंदीहि होती, आणि हे दोन्ही अर्थ एका घरांत सुखानें नांदत होते.

ह्या शब्दाचें दुसरें टोंक चीनमध्यें आहे. ‘मोगल’ हें ‘मोंगल’ ह्याच नांवाचें फारसी वळणाचें रूप. बाबर हा बापाच्या बाजूनें तैमूरचा वंशज व आईच्या बाजूनें चंगीझखानाचा. त्याची आई चंगीझचा मुलगा चघताई ह्याच्या घराण्यांतली. गंमत अशी कीं, स्वतः बाबराला मोंगलांचा चांगलाच तिटकारा होता, आणि त्याचें घराणें आपणांस तैमूरचें म्हणवून घेई. परंतु लोकांनीं एकदां नांव ठेवलें म्हणजे तें राजालाहि धुऊन काढतां येत नाहीं. तेव्हां चंगीझच्या नातवानें चीनवर जें राज्य केलें तें, आणि त्याच नांवाच्या दुसऱ्या एका वंशानें आपल्या तापीकांठावर जें राज्य केलें तें, अशीं दोन राज्यें मी आज शेजारीं शेजारीं ठेवून पाहणार आहें. परक्यांचें राज्य चांगलें कीं वाईट, हा वाद आपल्याकडे फार झाला आहे. त्यापेक्षां तें राज्य चालत कसें होतें, आणि पाऊस पडला नाहीं त्या वर्षीं त्यानें काय केलें, हें पाहणें मला अधिक महत्त्वाचें वाटतें.

प्रथम चीनकडे जाऊं. चंगीझखानानें १२०६ सालीं मोंगल टोळ्या एका निशाणाखालीं आणल्या. त्याचा मुलगा ओगोताई १२२९ सालीं गादीवर आला, तेव्हां उत्तर चीनचा बराच भाग मोंगलांच्या घोड्यांच्या टापांखालीं आला होता, आणि जिंकलेल्या मुलखाचें करावयाचें काय, असा प्रश्न दरबारांत निघाला. कांहीं सरदारांचा सल्ला सरळ होता. हे चिनी शेतकरी आपल्या कांहीं उपयोगाचे नाहींत. त्यांना हांकून द्यावें, जमीन पडीक टाकावी आणि तिच्यावर गवत वाढूं द्यावें, म्हणजे घोड्यांना उत्तम कुरण होईल! आपणांस हें राक्षसी वाटतें. पण ज्याची सर्व दौलत घोड्यांत आणि मेंढरांत आहे त्याच्या दृष्टीनें गव्हाचें शेत म्हणजे वायां गेलेलें कुरणच.

त्या दरबारांत येलू चुत्साई नांवाचा एक पुरुष होता. हा मोंगल नव्हे आणि चिनीहि नव्हे. तो खितान जातीचा. चिनी विद्या शिकलेला आणि मोंगलांच्या पदरीं राहिलेला. त्यानें दयेची भाषा काढली नाहीं. त्यानें हिशेब मांडला. ह्या लोकांना शेतीं राहूं दिलें आणि व्यवस्थेनें कर घेतला, तर वर्षास पांच लाख तोळे चांदी, ऐशीं हजार ठाण रेशीम आणि चार लाख मापें धान्य येईल, असें त्यानें खानास सांगितलें. (चिनी तोळा आपल्या तोळ्याहून बराच मोठा, हें जातां जातां सांगतों.) खानानें त्याला करून दाखविण्यास सांगितलें. चुत्साईनें दहा प्रांतांत वसुलीच्या कचेऱ्या उघडून त्यांवर चिनी विद्वान् नेमले, आणि ठरलेला वसूल आणून खानापुढें ठेवला. कुरणाची गोष्ट मागें पडली. लक्षावधि कुटुंबांचे प्राण एका वसुलाच्या अंदाजपत्रकानें वाचले, असें इतिहासांत फार थोड्या वेळां घडलें असेल.

पुढचा भाग मी झपाट्यानें सांगतों. चंगीझचा नातू कुब्लाई १२६० सालीं खान झाला; १२७१ सालीं त्यानें आपल्या राजवंशास ‘युआन’ हें चिनी नांव दिलें; आणि १२७९ सालीं दक्षिणेकडील सुंग घराण्याचा शेवट झाला. सबंध चीन परकीयांच्या हातीं जाण्याची ती पहिलीच वेळ. आज जेथें बीजिंग आहे तेथें कुब्लाईनें आपली राजधानी बांधली.

कुब्लाईचा कारभार पाहिला म्हणजे एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. मोंगलांना प्रजेचा हात हवा होता, परंतु तिच्या डोक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनीं लोकांचे चार वर्ग पाडले. पहिले मोंगल, दुसरे मध्य आशियांतून आणि पश्चिमेकडून आलेले, त्यांत मुसलमान पुष्कळ, तिसरे उत्तर चीनमधले लोक, आणि सर्वांच्या खालीं दक्षिण चीनमधले, म्हणजे जे सर्वांत शेवटीं शरण आले ते. धर्मावरून पाडलेले हे वर्ग नव्हेत. कोण आधीं शरण आला आणि कोण मागाहून, ह्यावरून पडलेले ते वर्ग होते. चिनी अधिकाऱ्याच्या डोक्यावर ‘दारुघाची’ नांवाचा एक देखरेख करणारा बसे, आणि तो बहुधा मोंगल असे. ज्या परीक्षा देऊन चीनमधला हुशार मुलगा शतकानुशतकें अधिकारपदास चढत आला होता, त्या परीक्षा कुब्लाईच्या सबंध कारकीर्दीत झाल्या नाहींत. त्या पुन्हां सुरू झाल्या १३१५ सालीं, आणि तेव्हांहि चारी वर्गांना सारख्याच जागा ठेवल्या गेल्या. मोंगल मूठभर, आणि दक्षिणेचे चिनी कोट्यवधि. वांटणी मात्र समसमान. कागदावर ह्याहून न्याय्य दिसणारी आणि प्रत्यक्षांत ह्याहून अन्यायाची दुसरी व्यवस्था शोधून सांपडणें कठीण.

दरवाजे बंद झाल्यावर विद्वानांनीं काय करावें? कांहींनीं चित्रें काढलीं, कांहींनीं वैद्यकी केली, आणि कांहीं नाटककार झाले. चिनी नाटकाचा पहिला मोठा बहर ह्याच काळांतला आहे. क्वान हानचिंग ह्या नाटककाराच्या अत्यंत प्रसिद्ध नाटकांत एका निरपराध तरुण विधवेला लांचखाऊ न्यायाधीश देहान्त शिक्षा देतो, आणि त्यानंतर त्या मुलखावर तीन वर्षें पाऊस पडत नाहीं. प्रेक्षक काय समजावयाचें तें समजत असले पाहिजेत. जेत्यांनींहि आपला ठसा ठेवला. चिनी भाषेंत आगगाडीच्या स्टेशनाला जो शब्द आज चालतो, तो मोंगलांच्या डाकचौकीचें जें नांव त्यावरून आला आहे. राज्य जातें, चौकी राहते.

कुब्लाईला शेतीची फिकीर नव्हती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या वाडवडिलांना शेत म्हणजे वायां गेलेलें कुरण वाटे, त्यानें १२७० सालीं शेतीचें एक स्वतंत्र खातें काढलें; पन्नास पन्नास कुटुंबांचे गट करून त्यांच्यावर पेरणी, तुती, बांधबंदिस्ती ह्यांची जबाबदारी टाकली; आणि शेती व रेशीम ह्यांवर एक उपयुक्त ग्रंथ त्या खात्याकडून तयार करविला. दुष्काळासाठीं धान्याचीं कोठारेंहि भरविलीं. हीं कोठारें लक्षांत ठेवावीं. त्यांच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

आतां तापीच्या कांठीं येऊं.

मोगल येण्यापूर्वीं खानदेशावर फारुकी घराण्याचें राज्य होतें. मलिक राजा ह्या सरदारास फिरोजशहा तुघलकानें १३७० सालीं थाळनेरची जहागीर दिली, आणि १३८२ पासून तो स्वतंत्रपणें वागूं लागला. तापीवरचें थाळनेर आज एक साधें गांव आहे. दोनशें वर्षांहून अधिक टिकलेल्या एका राज्याची ती पहिली राजधानी होती, हें बाहेरच्यास सांगितल्याशिवाय कळत नाहीं. पुढें बुऱ्हाणपूर वसलें व सत्ता तिकडे गेली. ह्या घराण्यांतला राजा अलीखान हा अकबराचें स्वामित्व मान्य करून त्याच्याच बाजूनें अहमदनगरकरांशीं लढतांना १५९७ सालीं पडला. त्याचा मुलगा बहादूरखान मात्र असीरगडावर जाऊन बसला. अकबर १६०० सालीं स्वतः बुऱ्हाणपुरास आला, आणि १६०१ च्या जानेवारींत असीरगड त्याच्या हातीं पडला. तो गड तोफांनीं पडला, सांथीनें पडला कीं सोन्याच्या मोहरांनीं, ह्याविषयीं त्याच काळच्या लेखकांत एकमत नाहीं. आमच्याकडचीं म्हातारीं माणसें मोहरांच्या बाजूचीं आहेत.

शहाजादा दानियालच्या हातीं हा मुलूख देऊन अकबरानें त्याचें नांव ‘दानदेश’ असें ठेवलें. दरबारी कागदांत तें चाललें. जत्रेंत, बाजारांत आणि जात्यावर तें कधींच चाललें नाहीं. चारच वर्षांनीं, १६०५ मध्यें, दानियाल दारूनें मेला, आणि त्याच्या मागोमाग त्याचें नांवहि गेलें.

अबुल फजलच्या ‘आइने-अकबरी’मध्यें ह्या सुभ्याचें वर्णन आहे, आणि तें वाचतांना आम्हां खानदेशी माणसांस घरची पत्रिका वाचल्यासारखें वाटतें. बत्तीस परगणे. मुख्य पीक ज्वारी. कांहीं ठिकाणीं वर्षांतून तीनदां निघणारी, आणि जिचें ताट इतकें कोंवळें व गोड कीं लोक तें फळासारखें खातात. सुंदर कापड विणलें जातें, आणि त्यांतलें नामांकित वाण धरणगांवचें. धरणगांव म्हणजे अमळनेरहून हांकेच्या अंतरावर. आग्र्याच्या दरबारांत ज्याची नोंद झाली तें कापड आमच्या शेजारच्या गल्लींत विणलें जात होतें! सैन्य कोणाचें, तर कोळी, भिल्ल आणि गोंड ह्यांचें, असेंहि त्यांत आहे. ह्या तिघांची आठवण पुढच्या इतिहासकारांना फारशी राहिली नाहीं.

चीनमधल्या मोंगलांशीं तुलना केली असतां येथें एक मोठा फरक दिसतो. मोगलांनीं गांवचा पाटील पाटीलच ठेवला, कुलकर्ण्याची लेखणी काढून घेतली नाहीं, आणि परगण्यावरचे देशमुख-देशपांडेहि वतनांसह कायम राखले. त्यांना फारसी नांवें दिलीं असतील, परंतु माणसें तींच. मूठभर मोंगलांनीं चिनी अधिकाऱ्यांच्या डोक्यावर आपला माणूस बसविला. मोगलांनीं गांव गांवाकडेच ठेवून त्याच्या माथ्यावर एक सुभेदार, एक दिवाण आणि एक जहागीरदार बसविला. ह्यामुळें गांवचें जीवन मोडलें नाहीं, ही गोष्ट खरी. परंतु जहागीरदाराची बदली दोनचार वर्षांत होई, आणि जो उद्यां जाणार त्याला पुढल्या सालच्या पेरणीची काळजी कशाला? त्याची नजर आजच्या खळ्यावर.

संस्कृतीच्या बाबतींतहि फरक आहे. अब्दुर्रहीम खानखानान हा मोगलांचा सेनापति बुऱ्हाणपुरास पुष्कळ वर्षें होता. वंशानें तुर्कमान, बाबराचें तुर्की आत्मचरित्र १५८९ सालीं फारसींत आणणारा तोच, आणि ज्याचे दोहे उत्तर हिंदुस्थानांत घरोघर पाठ आहेत तो रहीमहि तोच. मोंगल अमलांतल्या चीनमध्यें असा सेनापति शोधावयास बराच वेळ लागेल. बुऱ्हाणपूरच्या पाण्याची व्यवस्थाहि त्याच काळांतली. सातपुड्याच्या पायथ्याशीं जमिनींत मुरणारें पाणी एकामागून एक खणलेल्या कुंड्यांतून, त्यांना जोडणाऱ्या भुयारानें, केवळ उताराच्या जोरावर शहरांत आणलेलें आहे. इराणांतली ही युक्ति. ‘कुंडी भंडारा’ म्हणून ओळखलें जाणारें हें काम १६१५ सालचें, आणि तेथें अजून पाणी वाहतें. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशांत आहे; पण खानदेशच्या जुन्या राजधानीचें पाणी पाहावयास तेथेंच गेलें पाहिजे.

येथपर्यंतची मोगलाई ऐकून कोणास वाटेल कीं आमच्या आजीचा शब्द चुकला. म्हणून आतां १६३० सालाकडे वळतों.

त्या वर्षीं पाऊस आला नाहीं. गुजराथ, खानदेश आणि दख्खन ह्या तिन्ही मुलखांवर दुष्काळ पडला, आणि तो १६३२ पर्यंत हटला नाहीं. ह्याच वेळीं, १६३० च्या मार्चपासून, बादशहा शहाजहान आपल्या सर्व लव्याजम्यासह बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. खानजहान लोदी बंड करून निजामशाहीच्या आश्रयास गेला होता, आणि त्याच्यावर व निजामशाहीवर मोहीम चालली होती. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत श्रीमंत दरबारांपैकीं एक दरबार, ज्या सुभ्यांत माणसें अन्नावांचून मरत होतीं त्याच सुभ्याच्या राजधानींत दोन वर्षें बसला होता.

पीटर मंडी नांवाचा एक इंग्रज कंपनीच्या कामासाठीं १६३० च्या नोव्हेंबरांत सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याची वाट आपल्याच गांवांवरून जाते: नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडें, तापी ओलांडून थाळनेर, मग चोपडा, रावेर आणि बुऱ्हाणपूर. त्यानें जें लिहून ठेवलें आहे तें सर्वच सांगण्यासारखें नाहीं. वाटेवर दुतर्फा प्रेतें होतीं. नंदुरबारास लहानसा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळण्याची पंचाईत पडली. जनावरांच्या शेणांतून न पचलेले दाणे वेंचणारीं माणसें त्यानें पाहिलीं. आणि ह्या सर्व मजला करून तो बुऱ्हाणपुरास पोंचला, तेव्हां तेथला बाजार त्याला भरलेला दिसला! कारण उघड होतें. बादशहा तेथें होता, सैन्य तेथें होतें, आणि रोख पैसाहि तेथेंच होता. चारी दिशांहून वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन येत. पण तें नंदुरबारच्या नाक्यावर उतरत नसे, छावणींत उतरत असे. धान्याच्या गोणी आणि मेलेलीं माणसें एकाच रस्त्यावर होतीं.

ह्याचा अर्थ बादशहा निर्दय होता असा मी करीत नाहीं. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो कीं, बुऱ्हाणपुरास अन्नछत्रें घातलीं गेलीं. शिवाय राज्यारोहणाचा वार म्हणून दर सोमवारीं पांच हजार रुपये गरिबांस वांटावे असा हुकूम झाला, आणि वीस सोमवारांत एक लाख रुपये वांटले गेले. खालशाच्या, म्हणजे खुद्द सरकारच्या, जमिनींवरील ७० लाख रुपयांची सूट देण्यांत आली. ही रक्कम एकंदर वसुलाच्या सुमारें अकराव्या हिश्श्याइतकी होती. आंकडा लहान नाहीं. परंतु अकरा भागांतला एक भाग सोडला म्हणजे दहा भाग मागणें राहिले, आणि ते कोणाकडे मागावयाचे? सूट मिळाली तेव्हां ती घेण्यास कित्येक गांवांत कुळेंच उरलीं नव्हतीं. त्याच मुक्कामांत, १६३१ च्या जूनमध्यें, मुमताजमहल बाळंतपणांत वारली. पलीकडच्या कांठीं झैनाबादच्या बागेंत तिला प्रथम पुरलें, आणि पुढें तिचा देह आग्र्यास नेला. बुऱ्हाणपूरचें नांव घेतलें कीं लोक हें एकच मरण आठवतात.

खानदेश आणि त्याच्या भोंवतालचा दख्खन ह्यांची प्रकृति त्यानंतर वीस वर्षें सुधारली नाहीं. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला त्या सुमारास, १६५२ सालीं, दक्षिणेच्या चार सुभ्यांचा कागदावरचा आकार ३ कोटि ६२ लाख रुपये होता, आणि हातांत पडणारा वसूल अवघा १ कोटीच्या आसपास. शेतें पडीक, कुळें परागंदा आणि जहागीरदार उपाशी. अशा वेळीं येलू चुत्साईचा एक भाऊच म्हणावा असा पुरुष येथें उभा राहिला. त्याचें नांव मुर्शीद कुलीखान. हाहि इकडचा नव्हे. खुरासानांतून आलेला इराणी. बंगालमध्यें पुढें त्याच नांवाचा एक प्रसिद्ध नबाब झाला; तो वेगळा.

मुर्शीद कुलीखानाकडे प्रथम घांटमाथ्याची दिवाणी होती. १६५६ मध्यें सबंध दक्षिणेची त्याच्याकडे आली, आणि आमचा खानदेश त्याच्या हाताखालीं आला. त्यानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. जेथें पाटील उरला नव्हता तेथें होतकरू माणूस पाहून पाटील नेमला. बैल आणि बीं ह्यांसाठीं सरकारांतून आगाऊ पैसे दिले आणि ते पीक आल्यावर हप्त्यांनीं परत घेतले. ह्या पैशाला ‘तकावी’ म्हणत, म्हणजे बळ देणें. आपल्या आजोबा-पणजोबांनीं जी ‘तगाई’ काढली ती हीच; पुढें तिची जागा पीककर्जानें घेतली. जमिनीच्या आकाराचें त्यानें एकच माप सर्वांच्या माथीं मारलें नाहीं. जेथें नांगरामागें ठोक रक्कम देण्याची जुनी चाल होती तेथें ती चालूं दिली. जेथें पिकाची वांटणी करावयाची तेथें पावसाच्या पिकाचा अर्धा हिस्सा सरकारचा. विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा एक-तृतीयांश, कारण विहीर कुळानें खणली आहे, मोट कुळाची आहे. आणि ऊंस, द्राक्षें, केळीं अशा खर्चाच्या बागाइतास त्याहूनहि हलका दर, थेट नवव्या हिश्श्यापर्यंत. आणि ज्यांना मोजणी हवी त्यांच्या जमिनी बिघ्याबिघ्यानें मोजून पीकवार दर बांधले. कारकुनांनीं लबाडी करूं नये म्हणून हा सुभ्याचा दिवाण स्वतः शेतांत उभा राहून मोजणीच्या दोरीचें एक टोंक धरी, असें सांगतात. त्याची ही जमाबंदी ‘मुर्शीद कुलीखानाचा धारा’ ह्या नांवानें दक्षिणेंत पुढें बरींच वर्षें ओळखली जात होती.

माझ्या मतें खानदेशच्या मोगलाईंत वाखाणण्यासारखें जें आहे तें हें. असीरगड नव्हे, बुऱ्हाणपूरचे महाल नव्हेत. चिखलांत उभ्या राहिलेल्या एका दिवाणाच्या हातांतली दोरी! पण ह्या दोरीला आयुष्य किती लाभलें? गादीसाठीं भावाभावांत युद्ध लागलें, औरंगजेब आपली फौज घेऊन उत्तरेस निघाला, आणि १६५८ च्या एप्रिलमध्यें उज्जैनीजवळ धरमतच्या लढाईंत मुर्शीद कुलीखान मारला गेला. ज्याचा उपयोग शेतांत होता त्याला रणांत नेऊन खर्च केलें.

त्यानंतर कागद पुन्हां पहिल्या वळणावर आले. १६७९ सालीं जिझिया बसला, आणि चीनमधल्या चार वर्गांसारखी एक रेघ येथेंहि ओढली गेली. बुऱ्हाणपूर शहरांतून ह्या कराचे वर्षास २६ हजार रुपये येत, तेथें मीर अब्दुल करीम नांवाच्या एका कडक अंमलदारानें अर्ध्याच शहरांतून तीन महिन्यांत एक लाखाच्या वर वसूल करून दाखविले, अशी नोंद आहे. औरंगजेबानें त्याची वाहवा केली. हाहि हिशेबच; पण चुत्साईचा हिशेब आणि हा हिशेब ह्यांतला फरक मीं सांगावयास नको.

मघां चीनमधल्या कोठारांचा उल्लेख केला होता. कुब्लाईनंतर चौथ्या-पांचव्या दशकांत तीं कोठारें नांवालाच उरलीं. १३४४ सालीं पीत नदीनें बांध फोडले; अवर्षण, टोळधाड आणि सांथ हीं त्याच सुमारास आलीं. हुआय नदीच्या मुलखांत एका दरिद्री कुळाच्या घरांतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आई, बाप आणि थोरला भाऊ ह्यांना एकामागून एक मरतांना पाहत होता. त्यांना पुरण्यापुरती जमीनहि त्याच्यापाशीं नव्हती. तो एका बौद्ध मठांत गेला. मठांतहि अन्न नव्हतें, म्हणून भिक्षा मागत फिरला. १३५२ सालीं तो बंडखोरांना मिळाला. त्याचें नांव जू युआनझांग. १३६८ सालीं मोंगल बादशहा राजधानी सोडून उत्तरेच्या गवताळ मैदानाकडे पळाला, आणि हाच भिकारी मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला.

आपल्याकडे १६३० च्या दुष्काळाच्याच वर्षीं, फेब्रुवारींत, शिवनेरीवर जें मूल जन्मलें त्याची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे, आणि ती मी येथें सांगत नाहीं. मला त्या गोष्टींतलें खानदेशचें एक लहानसें पान दाखवावयाचें आहे. १६७० सालीं मराठ्यांचें सैन्य बागलाण व खानदेश ह्यांतून थेट वऱ्हाडांत कारंजापर्यंत गेलें. ह्या मोहिमेंत प्रतापराव गुजरानें वाटेंतल्या गांवांच्या पाटलांकडून लेखी कबुलायती घेतल्या: वर्षाच्या वसुलाचा चौथा हिस्सा शिवाजीमहाराजांच्या माणसांस द्यावा, आणि त्यांनीं पावती द्यावी, ज्याच्यापाशीं पावती, त्याचें गांव लुटलें जाणार नाहीं. ह्या कबुलायतींवर सही करणारे पाटील कागदोपत्रीं आलमगीर बादशहाचेच पाटील होते. त्यांतले कांहीं मुर्शीद कुलीखानानें बसविलेल्यांचे मुलगेहि असतील. त्यांनीं बंड पुकारलें नाहीं, निशाण बदललें नाहीं, कोणतीहि घोषणा केली नाहीं. जो रक्षण करीन म्हणाला त्याला चौथाई कबूल केली, आणि दिवाणाचा वसूलहि नाकारला नाहीं.

पुढें पन्नास वर्षें आणि त्यानंतरहि पुष्कळ काळ तापीकांठच्या गांवांनीं हे दोन धनी सांभाळले. १७६० सालीं उदगीरच्या तहानें असीरगड आणि बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलें, १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. आणि दफ्तरांतली तगाई, जमाबंदी व परगणा मात्र त्याच नांवांनीं नव्या कचेरींत जाऊन बसलीं. शिवाजीमहाराजांनीं राज्यव्यवहारांतल्या फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करविला होता. तरीहि हे शब्द सुटले नाहींत, कारण ते दरबाराचे राहिलेच नव्हते, खळ्यावरचे झाले होते.

मला त्या १६७० सालच्या पाटलाचें घर पुष्कळदां डोळ्यांपुढें दिसतें. भिंतींतल्या कोनाड्यांत लाल फडक्याचें दफ्तर. त्यांत एका बाजूस दिवाणाच्या जमाबंदीचा फारसी कागद, दुसऱ्या बाजूस मराठ्यांची मोडी पावती. दारांत घोडा थांबल्याचा आवाज येतो. पाटील बाहेर डोकावून स्वार कोणाचा आहे तें पाहतो, आणि त्यांतला कोणता कागद काढावयाचा तें आंतल्या कुलकर्ण्यास हळूच सांगतो.